भार स्प्रिंगवर, आळ यंत्रावर

अमेरिकेतील जुन्या उपनगरांतून पायी हिंडणाऱ्या परस्थ माणसाच्या ध्यानात एक गोष्ट फार लवकर येते, ती ही की, तिथल्या घरांना दर्शनी दार असते खरे, त्याला पायरी असते, पितळी कडी असते, नाताळात त्यावर हिरव्या पानांचे कडेही टांगलेले असते, परंतु घरातील मंडळींची नित्याची जा-ये त्या दारातून सहसा होत नाही. ती होते शेजारच्या, सोळा फूट रुंद आणि सात फूट उंच अशा अवाढव्य दारातून, जे मोटार अंगणाच्या तोंडाशी येताच आपण होऊन वर सरकते आणि मोटार आत शिरली की आपण होऊन खाली येते. घरातील हलत्या वस्तूंत सर्वांत मोठी आणि सर्वांत जड वस्तू म्हणजे हे दार होय. ते हलविणारे यंत्र मात्र छताला टांगलेले, धुळीने माखलेले आणि वर्षानुवर्षे कोणी मान वर करूनही न पाहिलेले असे असते. ज्या दिवशी ते बंद पडते त्या दिवशी घरधन्याला त्याच्या अस्तित्वाची प्रथम जाणीव होते, आणि ती जाणीव बहुधा पावसात भिजत होते.

ह्या यंत्राची वंशावळ फार लांबलचक नाही. मोटारी नव्या होत्या तेव्हा त्या ठेवण्याची जागा ही घोडागाडीच्या तबेल्याची सरळ वारस होती. घरापासून दूर, परसाच्या टोकाला, आणि बाहेरच्या अंगास उघडणाऱ्या दोन लाकडी दारांची. हिमवर्षाव झाला की ती दारे उघडण्यापूर्वी फावड्याने बर्फ उपसावा लागे. १९२१ साली सी. जी. जॉन्सन ह्या गृहस्थाने आडव्या पट्ट्यांचे, बिजागऱ्यांनी एकमेकांस जोडलेले आणि रुळांवरून डोक्यावर सरकत जाणारे दार काढले, आणि १९२६ साली ते विजेने उघडणारे यंत्रही त्यानेच सिद्ध केले. परंतु विजेच्या यंत्राचा हा थाट त्या काळी श्रीमंतांच्याच दारी शोभणारा होता. महायुद्धानंतर १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन हे उपनगर वसू लागले तेव्हा तिथल्या पहिल्या हजारो घरांना मुळी गॅरेजच नव्हते. पुढील दोन दशकांत मात्र गॅरेज परसातून उठून घराच्या अंगास येऊन भिडले, त्याला घरात उघडणारे आतले दार मिळाले, आणि १९७०च्या दशकात विजेचे ओपनर सामान्य मध्यमवर्गीयांच्या आवाक्यात आले. १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर न्यू जर्सी, शिकागो वा डेट्रॉइटच्या परिसरात स्थिरावलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनियरांनी विकत घेतलेल्या घरांपैकी कितीतरी घरे ह्याच पिढीतील आहेत. म्हणजे जुन्या घराबरोबर जुने दार आणि जुन्या दाराबरोबर जुने यंत्र हा वारसा ज्यांच्या पदरी आला, त्यांत आपलीही माणसे आहेत.

आता मुख्य प्रतिपाद्याकडे वळू. दार हे यंत्र उचलते, अशी सार्वत्रिक समजूत आहे, आणि दुरुस्तीच्या कामातील निम्म्याहून अधिक चुका ह्या एका समजुतीतून उद्भवतात. साध्या पोलादी दुहेरी दाराचे वजन साठ-सत्तर किलोपासून शंभरापर्यंत भरते; जुन्या भरीव लाकडी दाराचे त्याहून पुष्कळ अधिक. छतावरची अर्ध्या अश्वशक्तीची मोटर तेवढा भार रोज अनेकदा उचलील, ही कल्पनाच अव्यवहार्य आहे. तो भार उचलते ती दाराच्या माथ्यावर आडव्या दांड्यावर बसविलेली टॉर्शन स्प्रिंग, किंवा जुन्या गॅरेजांतून दोन्ही बाजूंच्या रुळांवर ताणलेल्या लांब स्प्रिंगांची जोडी. कोकणात विहिरीवर लाट असते. तिच्या एका टोकाला धोंडा बांधलेला असल्यामुळे भरलेले भांडे वर येते ते धोंड्याच्या वजनाने, आणि पाणी काढणारा माणूस लाटेला केवळ दिशा देतो. गॅरेजच्या दारापाशी धोंड्याचे काम स्प्रिंग करते आणि माणसाचे काम मोटर.

ह्या स्प्रिंगेची रचना पाहिली म्हणजे तिच्या योजकाच्या बुद्धीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. दांड्याच्या दोन्ही टोकांना पन्हळीदार चाके असतात, त्यांवरून निघालेल्या तारदोऱ्या दाराच्या खालच्या दोन कोपऱ्यांस बांधलेल्या असतात. दार खाली येते तसतशी दोरी चाकावरून उलगडते आणि स्प्रिंगेला पीळ बसत जातो. सात फुटी दाराच्या स्प्रिंगेला दार पुरते मिटलेले असताना सुमारे साडेसात फेऱ्यांचा पीळ असतो. दार वर जाऊ लागले म्हणजे हा पीळ सुटत जातो आणि स्प्रिंगेचे बळ घटत जाते. पण त्याच वेळी दाराच्या वरच्या पट्ट्या एकामागून एक आडव्या रुळांवर टेकतात, त्यांचा भार रुळांकडे जातो आणि दोऱ्यांना पेलावयाचे वजनही त्याच प्रमाणात कमी होते. बळ आणि भार हे दोन्ही एका चालीने उतरत जातात; म्हणूनच ज्या दाराचा तोल बरोबर आहे ते दार घरातील वृद्ध माणूसही एका हाताने उचलू शकतो, आणि अर्ध्यावर सोडले तर ते तिथेच थांबते.

हा तोल आहे की नाही हे जाणण्याची सोय यंत्रातच करून ठेवलेली असते. यंत्राच्या रुळावरून सरकणाऱ्या ट्रॉलीपासून मुठीची एक तांबडी दोरी लोंबत असते. दार पूर्ण मिटलेले असताना ती ओढली की यंत्र आणि दार यांची फारकत होते, आणि दार नुसत्या हातांनी चालविता येते. यंत्र बिघडल्याची तक्रार ज्याच्या कानी येईल त्याने पेचकस हाती घेण्याच्या आधी ही दोरी ओढून पाहावी. दार कमरेइतके उचलून हळूच सोडावे. ते धप्पकन खाली येऊ लागले, किंवा हिसका मारून वर पळाले, किंवा वाटेत एखाद्या ठिकाणी कुरकुरत अडखळले, तर बिचाऱ्या यंत्रावर आळ घेण्यात काही अर्थ नाही. दोष स्प्रिंगेत, रोलरांत अथवा रुळांत आहे. यंत्राची तपासणी त्यानंतर. हा क्रम उलटा केल्यामुळे सुस्थितीतील कितीतरी यंत्रे भंगारात गेली आहेत, आणि त्यांच्या जागी आलेली नवी यंत्रेही त्याच जड दाराखाली दोन-चार वर्षांत झिजून गेली आहेत.

लाकडी दाराच्या बाबतीत एक सूक्ष्म कारण वारंवार नजरेआड होते. साठ वर्षांत त्या दाराला रंगाचे अनेक हात बसलेले असतात, लाकडाने ओल धरलेली असते, कोणी हौशी मालकाने आतून थंडीसाठी फळ्या वा फोमचे तक्ते ठोकलेले असतात. ह्या प्रत्येकाने दाराच्या वजनात भर घातली, पण स्प्रिंग मात्र मूळच्या वजनाच्या हिशेबाचीच राहिली. यंत्र तेच, वीज तीच, आणि तरीही दार पूर्वीसारखे उठत नाही, ह्याचा उलगडा अशा ठिकाणी दार तराजूवर घातल्यावाचून होत नाही. (१९७८ पूर्वीच्या घरातील असा रंग खरवडून दार हलके करण्याचा मोह आवरावा, त्या रंगात शिसे असण्याचा पुष्कळच संभव असतो.)

स्प्रिंगेलाही आयुर्मर्यादा आहे. सामान्य प्रतीची स्प्रिंग दहा हजार आवर्तनांच्या हिशेबाने बनवितात. एकदा उघडून एकदा मिटणे हे एक आवर्तन. ज्या कुटुंबात दार दिवसातून चारदा उघडते तिथे हा साठा सात वर्षांच्या आत संपुष्टात येतो. मग एखाद्या कडाक्याच्या थंडीच्या रात्री गॅरेजमधून बंदुकीच्या बारासारखा आवाज येतो, घरातील माणसे दचकून उठतात, चोर शोधतात, आणि काही न सापडल्यामुळे पुन्हा झोपी जातात. सकाळी बटण दाबले की मोटर कण्हते, दार चार बोटे उचलले जाते आणि थांबते. दाराच्या माथ्यावर पाहिले तर स्प्रिंगेच्या वेटोळ्यात दोनेक इंचांची फट पडलेली स्पष्ट दिसते. अशा वेळी पुन्हापुन्हा बटण दाबीत राहणे हा शुद्ध अविचार होय, कारण मग यंत्राच्या आतील चाकाचे दाते तरी गळतात, नाहीतर दाराची वरची पट्टी तरी वाकते.

स्प्रिंग बदलण्याचे काम घरच्या घरी करावे की नाही, ह्या प्रश्नावर मी सहसा भिडस्त उत्तर देत नाही: करू नये. हे काम अशक्य नाही, विशेष अवघडही नाही. परंतु पीळ भरलेल्या स्प्रिंगेत संपूर्ण दार उचलण्याइतकी शक्ती कोंडलेली असते, आणि तिच्या टोकाच्या शंकूतील भोकांत नेमक्या मापाच्या पोलादी सळयांऐवजी हाताशी असलेला पेचकस खुपसणाऱ्यांची मनगटे आणि दात ह्यांचे काय झाले, हे ह्या धंद्यातील प्रत्येक कारागिराला ठाऊक असते. दाराच्या तळच्या कोपऱ्यांतील ज्या पानांना तारदोऱ्या बांधलेल्या असतात त्या पानांचे स्क्रूही ह्याच कारणाने निषिद्ध समजावे. पुष्कळ कंपन्या ती पाने मुद्दाम तांबडी रंगवितात. जुन्या गॅरेजांतील ताणाच्या लांब स्प्रिंगांच्या पोटातून एक सुरक्षा-तार ओवलेली आहे ना, एवढे मात्र मालकाने स्वतः पाहावे. ती नसेल तर तुटलेली स्प्रिंग गॅरेजभर उसळते आणि वाटेत मोटारीची काच आहे की माणसाचे डोके आहे, हे ती पाहत नाही.

दार निर्दोष ठरले म्हणजे मग यंत्राकडे वळावे. जुन्या यंत्राची प्रकृती त्याच्या आवाजावरून पुष्कळशी कळते. मोटर फिरते आहे, घूं-घूं आवाज येतो आहे, पण साखळी जागची हलत नाही, असे असेल आणि झाकण काढल्यावर आत पांढऱ्या भुकटीचा सडा दिसेल, तर नायलॉनच्या दातेरी चाकाची झीज झाली असे निःशंक समजावे. सीअर्सच्या दुकानांतून क्राफ्ट्समन ह्या नावाने विकली गेलेली लक्षावधी यंत्रे चेंबरलेन कंपनीने बनविलेली होती आणि त्यांपैकी बहुतेकांत हे चाक होते. ते बुद्धिपुरस्सर मऊ ठेवलेले असते, की अडथळा आला तर मोटर जळण्याऐवजी स्वस्त चाकाने प्राण द्यावा. सुटे चाक मिळते, बदलण्यास एक दुपार पुरते. मोटर नुसती गुणगुणते पण फिरण्यास सुरुवातच करीत नाही, असे असेल तर दोष कंडेन्सरचा. छताच्या पंख्यात जो रोग, तोच इथे. कळ न दाबताच मध्यरात्री दार उघडते, ही तक्रार ऐकावयास भुताटकीची वाटली तरी तिचे कारण बहुधा भिंतीवरच्या बटणाकडे जाणाऱ्या तारेत सापडते: कोणी एके काळी ती तार खिळ्याने इतकी घट्ट ठोकलेली असते की आवरण फाटून तिचे दोन पदर एकमेकांस टेकतात. आणि यंत्र स्क्रूच्या लांब दांड्यावर चालणारे असेल व थंडीतच कुरकुरत असेल, तर जुने घट्ट झालेले ग्रीस पुसून नवे हलके ग्रीस लावण्यापलीकडे त्याला औषध लागत नाही.

इथपर्यंतची दुरुस्ती काटकसरी माणसाच्या मनाला आनंद देणारी आहे, आणि जुने यंत्र चालते ठेवण्याच्या वृत्तीचा मी स्वतः पक्षपाती आहे. परंतु ह्या वृत्तीला एका ठिकाणी लगाम घालावा लागतो, आणि ते ठिकाण म्हणजे १९९३ साल.

आरंभीची यंत्रे आंधळी होती. दार खाली येऊ लागले की ते खाली येणारच. मध्ये पेटी आहे की मूल आहे, हा भेद त्यांना करता येत नसे. पुढे अडथळा लागताच दार उलटे फिरावे अशी योजना झाली, पण ती दाराच्या स्पर्शावर अवलंबून होती. म्हणजे आधी आघात आणि मग माघार. गॅरेज हे मुलांचे खेळण्याचे ठिकाण. खाली येणाऱ्या दाराखालून निसटून जाण्याची शर्यत हा त्यांचा आवडता खेळ. आणि त्या खेळात मुले दगावू लागली तेव्हा अमेरिकेच्या काँग्रेसने १९९० साली कायदा करून ह्या यंत्रांसाठी सक्तीच्या तरतुदी घातल्या. १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या प्रत्येक घरगुती यंत्राला, स्पर्श होताच दोन सेकंदांच्या आत माघार घेण्याखेरीज, दुसरा एक स्वतंत्र बंदोबस्त असणे अनिवार्य झाले, आणि तो बंदोबस्त म्हणजे बहुधा दाराच्या दोन्ही अंगांस, जमिनीपासून सहा इंचांच्या आत बसविलेले प्रकाशाचे डोळे. एक डोळा अदृश्य किरण सोडतो, दुसरा तो झेलतो. किरण मध्येच तुटला की उतरणारे दार उलटे फिरते.

ह्या डोळ्यांच्या बिघाडाइतका क्षुल्लक आणि त्याइतका घबराट उडविणारा बिघाड दुसरा नाही. दार थोडे खाली येते, परत वर जाते, यंत्रावरचा दिवा लुकलुकतो, आणि मालकाला वाटते की यंत्र संपले. वस्तुतः एका डोळ्यावर कोळिष्टक बसलेले असते, किंवा केरसुणीचा धक्का लागून तो तिरपा झालेला असतो, किंवा मावळतीचे ऊन थेट त्याच्या भिंगात शिरत असते. भिंतीवरचे बटण दाबून धरले तर दार अशाही स्थितीत मिटते, कारण बटण धरणारा माणूस दाराकडे पाहत उभा आहे असे कायद्याने गृहीत धरलेले आहे. ह्या अडचणीला कंटाळून दोन्ही डोळे काढून छताखाली एकमेकांसमोर बांधून ठेवणारे महाभाग आहेत. यंत्राची अशी समजूत घालता येते, पण दाराखालच्या मुलाच्या रक्षणाची तजवीज त्याच क्षणी रद्द होते.

म्हणून ज्या यंत्राला डोळे जोडण्याची सोयच नाही, ते कितीही दणकट असो, त्याची दुरुस्ती करू नये. ते उतरवून ठेवावे. जे यंत्र १९९३ नंतरचे आहे त्याची परीक्षा महिन्यातून एकदा घ्यावी, आणि ती फार सोपी आहे: उंबऱ्याच्या मध्यभागी दीड इंच जाडीचा लाकडी तुकडा आडवा ठेवून दार मिटावे. तुकड्याला टेकताच दार परत फिरले पाहिजे. न फिरल्यास यंत्राच्या पाठीवरील बळाचा स्क्रू कोणीतरी पिळून ठेवला आहे असा संशय घ्यावा, आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो; थंडीत दार जड चालू लागले की मालक तो स्क्रू थोडा वाढवितो, उन्हाळ्यात कमी करण्याचे विसरतो, पुढच्या थंडीत आणखी थोडा वाढवितो, आणि अशा रीतीने स्प्रिंगेचा दोष झाकण्यासाठी यंत्राची माघार घेण्याची शक्तीच हिरावून घेतो. तोल ढळलेल्या दाराचा हा सर्वांत घातक परिणाम होय.

बळाप्रमाणे कुलपाचीही कथा आहे. रिमोटच्या आरंभकाळात सगळ्यांच्या लहरी जवळजवळ सारख्या असत आणि एकाच्या बटणाने शेजाऱ्याचे दार उघडत असे. त्यावर उपाय म्हणून रिमोटच्या आणि यंत्राच्या पोटात चिमुकल्या खटक्यांची रांग आली. आठ खटके असतील तर २५६ संकेत, बारा असतील तर ४,०९६. दोन्हीकडची रांग जुळली की दार उघडे. हे संकेत कित्येक वर्षे पुरेसे समजले गेले. परंतु २०१५ साली सॅमी कामकार ह्या संशोधकाने मॅटेल कंपनीच्या एका बंद पडलेल्या खेळण्यात थोडा फेरफार करून अशी स्थिर संकेतांची कोणतीही यंत्रे दहा सेकंदांच्या आत उघडून दाखविली. त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. हे संकेत एकेक करून, सुटे सुटे पाठविण्यास अर्ध्या तासाच्या जवळपास वेळ लागतो. पण जुने यंत्र संकेताचा आरंभ कुठे झाला हे विचारीत नाही, ओघात शेवटी आलेली बारा चिन्हे जुळतात की नाहीत एवढेच पाहते. तेव्हा चिन्हांचा एकच प्रवाह असा रचावा की त्यात बारा-बारांचे सर्व गट एकमेकांवर अर्धवट स्वार होऊन येतील, तर ४९,१५२ चिन्हांचे काम ४,१०७ चिन्हांत भागते.

मराठी शाळेत वृत्ते शिकलेल्या माणसाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. ‘यमाताराजभानसलगं’ ही दहा अक्षरे आपण गण ओळखण्यासाठी पाठ केली, त्यांतील कोणतीही लागोपाठची तीन अक्षरे घेतली की एक गण मिळतो, आणि लघु-गुरूंचे आठही गण त्या दहा अक्षरांत एकेकदाच येऊन जातात. सुटे लिहिले असते तर चोवीस अक्षरे लागली असती. ज्यांना आज गणिती लोक डी ब्रॉइन ह्यांच्या नावाने ओळखतात त्या माळांचाच हा तीन अक्षरी नमुना आहे, आणि छंदःशास्त्राची जुनी किल्ली कॅलिफोर्नियातील गॅरेजच्या कुलपाला लागावी ह्याचे मला आजही नवल वाटते.

ह्या युक्तीपुढे न टिकणारी यंत्रे म्हणजे खटक्यांची यंत्रे. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून रिमोट दर वेळी नवा संकेत पाठवू लागला आणि यंत्र एकदा वापरलेला संकेत पुन्हा नामंजूर करू लागले. आपले यंत्र कोणत्या पिढीचे आहे हे जाणण्यासाठी रिमोटचे पोट उघडून खटके आहेत काय ते पाहावे, किंवा यंत्राच्या पाठीवरील ‘शिका’ अर्थाच्या बटणाचा रंग पाहावा: चेंबरलेनच्या घराण्यात ते साधारणपणे १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात हिरवे, त्यानंतर नारिंगी वा तांबडे, २००५च्या सुमारास जांभळे आणि २०११ पासून पिवळे होत गेले. डोळे आहेत पण संकेत जुना आहे, अशा मधल्या काळातील यंत्राला नवे यंत्र न घेताही सुधारता येते. भिंतीवरच्या बटणाच्या दोन तारा जिथे येतात तिथेच एक बाहेरचा स्वतंत्र ग्राहक (रिसीव्हर) जोडावा, त्याचे बदलत्या संकेतांचे रिमोट वापरावे, आणि जुने रिमोट बंद करावे. थोड्या खर्चात मिळणारी ही सर्वांत समाधानकारक सुधारणा होय.

दुसऱ्या कंपनीचा रिमोट विकत घेण्याची मुभा मालकाला आहे काय, हा वाद प्रत्यक्ष न्यायालयात गेला होता, हे आज कित्येकांना खरे वाटणार नाही. स्कायलिंक नावाच्या कंपनीने सर्वांना चालणारा रिमोट काढला तेव्हा चेंबरलेनने तिच्यावर दावा लावला की आमच्या बदलत्या संकेताला बगल देणे म्हणजे आमच्या संगणकीय लिखाणाच्या स्वामित्वहक्काचे कुलूप फोडणे होय. खालच्या न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले आणि ३१ ऑगस्ट २००४ रोजी फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने तोच निवाडा कायम केला: ज्याने यंत्र विकत घेतले त्याला त्यातील लिखाण चालविण्याचा हक्क आहे, आणि जिथे स्वामित्वहक्काचा भंगच संभवत नाही तिथे कुलूप फोडल्याची फिर्याद टिकत नाही. दुरुस्तीच्या हक्कासंबंधी पुढे जे वाद झाले त्यांत ह्या निवाड्याचा दाखला पुनःपुन्हा दिला गेला. प्रश्न मात्र मिटला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने फोनवरून दार चालविण्याच्या आपल्या मायक्यू सेवेशी परभारे जोडून घेणाऱ्या बाहेरच्या साधनांचा मार्ग बंद केला, आणि आपल्याच दाराची खबर आपल्याच संगणकावर पाहू इच्छिणारे हजारो गृहस्थ रातोरात पांगळे झाले. फोनवरून दार चालविण्याची हौस असेल त्याने ही गोष्ट लक्षात ठेवून साधन निवडावे. त्यातही दूरवरून दार मिटताना आधी काही सेकंद दिवा लुकलुकणे आणि भोंगा वाजणे नियमाने आवश्यक आहे. तो भोंगा कापून टाकणाऱ्या कारागिरास घरात थारा देऊ नये.

रिमोट यंत्राजवळ नेल्यावरच चालतो, ही तक्रार अलीकडे वाढली आहे. कारण पुष्कळदा यंत्रात घातलेला एलईडी दिवा हेच असते. स्वस्त दिव्याचा विद्युत्-गोंगाट ग्राहकाचे कान बधिर करतो. दिवा काढून पाहिला की निदान होते. लष्करी तळाजवळच्या वस्त्यांत मात्र वेगळे कारण असू शकते. २००४ सालापासून अमेरिकी सैन्याने ३८० ते ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील आपला जुना हक्क नव्या बिनतारी संचांसाठी वापरण्यास प्रारंभ केला आणि ३९० मेगाहर्ट्झवर बेलाशक चालणारे घरगुती रिमोट अचानक गप्प झाले. तक्रारीस जागा नव्हती; बिनपरवाना लहरी वापरणाऱ्याने परवानेदाराचा उपद्रव सोसावा, असा तिथला शिरस्ता आहे. वेगळ्या लहरीचा ग्राहक बसविणे एवढाच उपाय उरला.

नवे यंत्रच घ्यावयाचे ठरले तर जुन्या घरात मोजपट्टी आधी काढावी. साखळीचे यंत्र स्वस्त आणि कर्कश; गॅरेजवर झोपण्याची खोली असेल तर पट्ट्याचे यंत्र घ्यावे, त्याची मोटर हळूच निघते आणि हळूच थांबते. छत बुटके असेल, वा आडवा रूळ टांगण्यास भक्कम तुळई नसेल, तर दाराच्या शेजारी भिंतीवर बसून स्प्रिंगेचा दांडाच फिरविणारे यंत्र उपयोगी पडते, परंतु त्यासाठी टॉर्शन स्प्रिंगेचा दांडा असलाच पाहिजे; ताणाच्या लांब स्प्रिंगांच्या गॅरेजात ते निरुपयोगी. जुन्या अखंड, एकाच फळीच्या दाराला यंत्र लावण्यापेक्षा ते दारच बदलणे बरे. हलक्या दाराच्या वरच्या पट्टीवर आडवी पोलादी पट्टी ठोकल्यावाचून यंत्राचा हात तिथे जोडू नये, नाहीतर तो पट्टी फाडून बाहेर येतो. वीज छतावरच्या नीट जोडलेल्या सॉकेटमधूनच यावी. दिव्याच्या होल्डरातून लांबविलेली वायर जुन्या गॅरेजांत सर्रास दिसते आणि ती तत्काळ काढून टाकावी.

कॅलिफोर्नियात ह्या निवडीला कायद्याची एक अट जोडली गेली आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सोनोमा आणि नापा परगण्यांत वणवे पेटले, वीज गेली, आणि तांबडी दोरी कुठे आहे हे ठाऊक नसलेली किंवा दार उचलण्याचे त्राण नसलेली वृद्ध माणसे आपल्याच गॅरेजात अडकून पडली. त्यानंतर झालेल्या कायद्यान्वये १ जुलै २०१९ पासून तिथे बॅटरीची जोड नसलेले यंत्र विकण्यास अथवा बसविण्यास मनाई आहे, आणि केवळ दार बदलून ते बॅटरीविरहित जुन्या यंत्राला जोडण्यासही मुभा नाही. हा कायदा योग्यच आहे; पण तोल साधलेले दार वीज नसतानाही एका हाताने उघडते, ही गोष्ट शिकविणे त्याहून स्वस्त पडले असते.

परसातल्या जुन्या, सुट्या गॅरेजाला पुष्कळदा दुसरे दार नसते. तिथे यंत्र बसविताना बाहेरून किल्लीने तांबडी दोरी ओढता येईल असे छोटे कुलूप दारातच बसवून घ्यावे, कारण वीज गेली तर दोरी आत आणि मालक बाहेर अशी अवस्था होते. आणि घर नव्याने विकत घेतलेले असेल तर पहिल्याच दिवशी मागील मालकाचे, त्याच्या मुलांचे, त्याने विकून टाकलेल्या मोटारींच्या आरशांतील बटणांत मुरलेले सर्व संकेत पुसून टाकावेत: यंत्राच्या पाठीवरील ते रंगीत बटण, त्याच्याजवळचा दिवा विझेपर्यंत, सहा-सात सेकंद दाबून धरले की जुने सर्व रिमोट एकदम बाद होतात. मग घरातील मोटारींचे रिमोट एकेक करून यंत्राला पुन्हा ओळखवावेत, आणि बाहेरच्या चौकटीवर अंकांची पाटी असेल तर तिचा आकडाही त्याच बैठकीत बदलून घ्यावा.